निवडक शर्यतींचे घराणे

१९७३ साली अमेरिकेतल्या नॅस्कार या मोटार शर्यतींच्या मालिकेत २८ शर्यती झाल्या. डेव्हिड पीअरसन त्यांतल्या १८ शर्यतींतच उतरला आणि त्याने ११ जिंकल्या. मालिकेचे विजेतेपद मात्र बेनी पार्सन्सला मिळाले. तो सगळ्याच्या सगळ्या शर्यती धावला होता आणि त्याने जिंकली होती एक. पीअरसनवर अन्याय झाला असे यातून म्हणायचे नाही. गुणांची पद्धत सातत्याला मोल देणारी होती आणि सातत्य हाही गुणच आहे. लक्षात घ्यायचे ते असे, की पीअरसनची गाडी तयार करणारे वूड बंधू चुकून मागे राहिले नव्हते. सगळीकडे जायचेच नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. व्हर्जिनिया राज्यातल्या स्टुअर्ट या डोंगराच्या पायथ्याच्या लहानशा गावात १९५० साली सुरू झालेली ही टीम आज तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. तिच्या इतिहासाचा मोठा भाग निवडक शर्यती धावण्याचा आहे. मोटार शर्यतींच्या जगात अर्धवेळ टीम म्हटले की हौशी, दुबळी, तात्पुरती असा अर्थ घेतला जातो. वूड कुटुंबाची कारकीर्द पाहिली तर हा अर्थ टिकत नाही. मोजके धावणे ही छोट्या टीमची आपले कसब शाबूत ठेवण्याची रीत आहे, आणि तिला जागा न ठेवणारा खेळ शेवटी आपलेच नुकसान करून घेतो.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळणारी साधी मोटार. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात अशाच गाड्या सोलून, बळकट करून मातीच्या वर्तुळाकार धावपट्ट्यांवर पळवल्या जात. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था उभी करून या पसाऱ्याला नियमांत बांधले. ग्लेन वूड यांचा व्यवसाय लाकूड कापण्याचा, त्यामुळे त्यांना टोपणनावही लाकूडतोड्याचेच मिळाले. सुरुवातीला गाडी तेच चालवत, भाऊ लेनर्ड इंजिन आणि यंत्रभाग पाहत आणि डिलेनोसह बाकीचे भाऊ लागेल ते काम करत. गाडीचा क्रमांक २१ आणि कंपनी फोर्ड, ही जोडी आजवर टिकून आहे. लेनर्ड यांनी लहानपणी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर बसवून एक छोटी गाडी बनवली होती. हाताशी आहे त्यातून हवे ते घडवायचे, हा त्या घराचा स्वभाव त्यात दिसतो. कारखाना मोठा नव्हता, पैसा बेताचा होता. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण सहसा काटकसरीसाठी वापरतो. या कुटुंबाने तिची स्पर्धेची नीती केली.

त्या नीतीचे फळ कुठे दिसते, तर पिटमध्ये. शर्यत चालू असताना गाडी इंधन आणि टायरसाठी थांबते ती जागा म्हणजे पिट. १९५० च्या दशकात हा थांबा निवांत असे. जो तो आपापल्या गतीने चाके बदलायचा. वूड बंधूंनी या थांब्याचा बारकाईने विचार केला. कोण कोणत्या बाजूने धावणार, जॅक नेमका कुठे लागणार, कोणते चाक आधी उतरणार, कोण कोणाच्या वाटेत येणार नाही, याची त्यांनी पुन्हा पुन्हा तालीम केली. लेनर्ड यांनी जॅकमध्येच फेरफार केले, म्हणजे दांडा मोजक्या वेळा दाबताच गाडी उचलली जाईल. एकही इंजिन न बदलता त्यांनी शर्यतीतले कित्येक सेकंद वाचवले. ही ख्याती इतकी पसरली, की १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत जिम क्लार्कच्या लोटस-फोर्ड गाडीच्या पिटसाठी त्यांना बोलावणे आले. आदल्या वर्षीच्या भीषण आगीनंतर तिथे दाबाने इंधन भरायला बंदी झाली होती. टाकीतून ते आपल्या वजनानेच खाली यायचे. लेनर्ड यांनी ते वाहण्याच्या मार्गाकडे लक्ष दिले, अडथळे घासून काढले आणि जोड सुरळीत बसतील असे पाहिले. क्लार्क दोनच थांब्यांत शर्यत जिंकला. दुसऱ्याच प्रकारच्या गाडीवर, दुसऱ्याच्या आखाड्यात त्यांना हे साधले, कारण त्यांचे कसब प्रश्न नीट पाहण्याचे होते आणि असे पाहायला सवड लागते. दर आठवड्याला मोडकी गाडी दुरुस्त करून पुढच्या गावी पळणाऱ्या टीमला ती मिळत नाही.

पीअरसनच्या वर्षांचा हिशेबही असाच आहे. मोठ्या धावपट्ट्यांवर बक्षिसाची रक्कम मोठी असे, आणि दीर्घ शर्यतीत इंजिनाची तब्येत व पिटमधली चपळाई यांना किंमत येई. वूड कुटुंबाचे बळ याच दोन गोष्टींत होते. मग लहान धावपट्टीवर पत्रा चेपून घेण्यापेक्षा एकच गाडी जीव लावून तयार करायची आणि जिथे तिचे गुण उठून दिसतील तिथेच न्यायची. १९७६ मध्येही ३० पैकी २२ शर्यतींत पीअरसनने १० जिंकल्या. त्याच वर्षीच्या डेटोना ५०० या मानाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत तो आणि प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटी एकमेकांवर आदळून गरगरत गेले. पीअरसनने गिरकी घेतानाच क्लच दाबून इंजिन बंद पडू दिले नाही आणि चेपलेली गाडी रखडत रेषेपार नेली. पेटीची गाडी रेषेच्या अलीकडे बंद पडून राहिली. १९७२ ते १९७९ या काळात पीअरसन आणि वूड बंधू या जोडीने ४३ शर्यती जिंकल्या.

त्यानंतर खेळ बदलला. एकेका मालकाच्या तीन-चार गाड्या, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या, अभियंत्यांची फौज असा काळ आला. अशा काळात एका गाडीचे घर मागे पडणारच. २००१ नंतर वूड टीमला विजय मिळेना आणि २००८ मध्ये तर डेटोना ५०० साठी ती पात्रही ठरली नाही. २००९ पासून ग्लेन यांची मुले एडी, लेन आणि किम यांनी पूर्ण हंगामाचा हट्ट सोडला. प्रायोजकाचा पैसा सगळ्या शर्यतींवर पातळ पसरण्यापेक्षा ठरावीक शर्यतींसाठी चांगली गाडी उभी करायची, हा घरचाच जुना मार्ग त्यांनी पुन्हा धरला. २० फेब्रुवारी २०११ रोजी ट्रेव्हर बेन डेटोना ५०० जिंकला. त्याला विसावे वर्ष आदल्याच दिवशी पूर्ण झाले होते आणि या स्तरावरची त्याची ही दुसरीच शर्यत होती. गाडीवर पीअरसनच्या काळातले लाल-पांढरे रंग होते. बक्षीस साडेचौदा लाख डॉलरच्या आसपास मिळाले. मोठ्या शहरी बाजारावर डोळा ठेवून चालणाऱ्या मालिकेतली सर्वांत मोठी शर्यत एका खेडेगावच्या कुटुंबाने जिंकली, तीही पूर्ण हंगाम न धावता.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की ती गाडी रौश फेनवे या मोठ्या टीमच्या मदतीने बनली होती आणि बेनही त्यांच्याच करारातला होता. मग श्रेय कुटुंबाचे कसे? दुसरा असा, की डेटोनासारख्या चार किलोमीटरच्या, कललेल्या वळणांच्या धावपट्टीवर गाड्या एकमेकींच्या मागच्या हवेच्या आधाराने झुंडीने पळतात, एका धक्क्याने निम्म्या बाद होतात, आणि तिथला विजय नशिबाचा असतो. त्या दिवशीही शर्यतीच्या अखेरीस एका फेरसुरुवातीला पुढे असलेल्या डेव्हिड रॅगनने रेषेआधीच मार्गिका बदलली, त्याला दंड झाला आणि बेन पुढे आला. हे सगळे खरे. पण रौशकडची सामग्री रौशच्या चारही गाड्यांकडे होती, आणि बेनने शेवटच्या फेरीत ज्याला मागे ठेवले तो कार्ल एडवर्ड्स त्याच टीमचा होता. साधने विकत किंवा उसनी घेता येतात. ती कुठल्या दिवशी, कुणाच्या हाती, कशासाठी वापरायची हा निर्णय उसना मिळत नाही. नशिबाचे म्हणाल, तर जिथे नशिबाचा वाटा मोठा आणि पैशाचा लहान, ती शर्यत ओळखून सगळी ताकद तिथे लावणे यालाच व्यवहारात शहाणपण म्हणतात.

तिसरा आक्षेप अधिक कठीण आहे: मोजके धावणे इतके गुणाचे असेल, तर वूड कुटुंब २०१६ मध्ये पूर्ण हंगामाकडे का वळले? उत्तर नियमांत आहे. त्या वर्षी नॅस्कारने चार्टर पद्धत आणली. २०१३ पासून सलग पूर्ण हंगाम धावलेल्या ३६ गाड्यांना प्रत्येक शर्यतीत हमखास जागा आणि उत्पन्नात मोठा वाटा मिळाला. बाकीच्यांसाठी उरल्या ४० पैकी चार जागा आणि बरेच लहान बक्षीस. सहा दशकांहून जुनी असलेली वूड टीम या मोजपट्टीत बसली नाही. दोन वर्षे ती चार्टरशिवाय धावली आणि तशातही जून २०१७ मध्ये रायन ब्लेनीने तिला पोकोनोची शर्यत जिंकून दिली. पुढे चार्टर मिळाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हॅरिसन बर्टनने डेटोनालाच तिचा शंभरावा विजय नोंदवला. कुटुंब पूर्ण हंगामात सुखरूप आहे, याचा आनंदच आहे. पण तिकडे ते आवडीने गेले असे म्हणता येत नाही. मोजके धावण्याची किंमतच नियमाने एवढी वाढवली, की दुसरी वाट उरली नाही.

चार्टरच्या बाजूनेही बोलायला हवे. टीम काढणारा माणूस पैसा घालतो आणि दिवाळे निघाले की हाती जुनी पाने-पकडीच उरतात, ही अवस्था वाईटच होती. चार्टरमुळे टीमला विकता येण्याजोगी किंमत आली. प्रायोजकाला आणि दूरचित्रवाणीलाही तीच गाडी दर आठवड्याला दिसेल अशी खात्री हवी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन टीमनी नॅस्कारवर मक्तेदारीचा दावा लावला, डिसेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली आणि चार्टर कायमचे झाले. आत असलेल्यांना त्यातून न्याय मिळाला. पण भिंत कायमची झाली, की दाराची चिंता अधिक करावी लागते. मिशिगनमधल्या इंधन व्यवसायातल्या बीअर्ड कुटुंबाची टीम हे आजचे उदाहरण. डेटोना आणि टॅलाडेगा या दोन प्रचंड धावपट्ट्यांपुरतीच ती मुख्यतः उतरते. २०२१ आणि २०२३ ची डेटोना ५०० पात्रतेतच हुकली. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र नोआ ग्रॅग्सनने तिची गाडी डेटोनाला पाचवी आणली. अशी टीम रांगेत आली, की पात्रता फेरीला अर्थ येतो आणि डेटोना ५०० आधीच्या गुरुवारच्या पात्रता शर्यतीतही कुणाचे तरी वर्ष पणाला लागलेले असते.

नियम लवचीक करता येत नाहीत, असे म्हणायला आता जागा नाही. २०२५ मध्ये नॅस्कारने नामांकित पाहुण्या ड्रायव्हरसाठी चाळीसच्या पलीकडची जादा जागा ठेवली आणि हेलिओ कास्त्रोनेव्हेस तिच्या आधारे डेटोना ५०० धावला. नावासाठी दार उघडते, तर कसबासाठीही उघडावे. त्यासाठी छोट्या टीमला फुकटची जागा नको. वेग दाखवून मिळवलेल्या चार जागा कायम राहाव्यात आणि तिथे बसणाऱ्याला त्याच क्रमांकाचे बक्षीस चार्टरवाल्याच्या बरोबरीने मिळावे, एवढे पुरे. मग एखादे कुटुंब वर्षाला चार शर्यती धावूनही उभे राहू शकेल. वूड बंधूंनी पिटचा थांबा बदलला, तेव्हा त्यांच्याकडे हमीची जागा नव्हती; होती ती एक गाडी, सवड आणि स्वतःची निवड. खेळाला पुढची नवी गोष्ट कोण शिकवेल हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून शिकवू शकणाऱ्या अनोळखी माणसाला आत येण्याइतकी वाट नियमांनी राखलीच पाहिजे.