राखडीखालची काळी जमीन

नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन औष्णिक वीजकेंद्रे असून, त्यांच्या भोवतालच्या शिवारात मातीच्या प्रदूषणाचा प्रश्न प्रामुख्याने राखेचा, म्हणजे तिकडच्या बोलीतील ‘राखडी’चा आहे. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. कोळसा जळताना कार्बन वायुरूपाने निघून जातो, न जळणारी खनिजे मात्र मागे उरतात. त्यामुळे कोळशात अत्यल्प असलेली आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांसारखी विषारी मूलद्रव्ये राखेत अधिक प्रमाणात एकवटतात. या राखेचा काही भाग सिमेंट आणि विटांसाठी उचलला जातो, तर उरलेली राख पाण्यात कालवून नळांवाटे मातीच्या बांधांनी अडवलेल्या राख-तलावांत सोडली जाते.

तेथून ती शेतात तीन वाटांनी पोहोचते. उन्हाळ्यात तलावाचा कोरडा पडलेला पृष्ठभाग वाऱ्याबरोबर उडतो, पिकांच्या पानांवर थर धरतो आणि त्याच दिवसांत काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांतून खोलवर उतरतो. दुसरी वाट झिरपण्याची आहे. तलावाच्या तळाला अभेद्य अस्तर नसेल, तर राखेतून सुटलेले बोरॉन, आर्सेनिक आदी घटक पाण्याबरोबर भूजलात मिसळतात आणि विहिरीच्या ओलिताने पुन्हा वाफ्यात येतात. तिसरी वाट बांध फुटण्याची. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख-तलाव फुटला, तेव्हा राखमिश्रित पाणी आजूबाजूच्या शेतांत पसरले आणि नदी-नाल्यांतही उतरले.

अशा वेळी पंचनामा होतो तो उभ्या पिकाचा. पीक एका हंगामाचे असते; जड धातू मात्र कुजत नाहीत, चिकणमातीच्या कणांना धरून ते वर्षानुवर्षे जमिनीत राहतात. राखेच्या वापरासंबंधी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली, ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेच्या वापराचे बंधन घालून न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरवली; परंतु हा हिशेब राखेचा आहे, ती ज्या मातीत मिसळली त्या मातीचा नाही.

मातीचा हिशेब ठेवण्यासाठी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका दिली जाते. तिच्यातील बारा निकषांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये यांचा समावेश आहे. आर्सेनिक, शिसे, पारा आणि क्रोमियम यांचा नाही. परिणामी राखेने बाधित झालेल्या शेतकऱ्याच्या हाती आपल्या जमिनीची सरकारी पत्रिका असूनही, नेमक्या हानीचा पुरावा नसतो. राख-तलावांलगतच्या प्रत्येक गावात जड धातूंची नियमित तपासणी व्हावी, तिचा खर्च वीजकेंद्राने सोसावा आणि नुकसानभरपाई पिकाबरोबर मातीचीही मिळावी, एवढी मागणी राज्यकर्त्यांनी आणि वीज वापरणाऱ्या प्रत्येक नागरिकाने आपली मानली पाहिजे.