एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

कला शाखेचा अर्ज भरला त्याच दिवशी आपल्यापैकी बहुतेकांनी गणिताला कायमचा रामराम ठोकला. तरीही वाचकहो, कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटे माझ्याबरोबर बसा. संख्या एकच आहे : १४२८५७.

तिला दोनाने गुणा, २८५७१४ येतात. तिनाने गुणल्यास ४२८५७१, चाराने ५७१४२८, पाचाने ७१४२८५ आणि सहाने ८५७१४२. अंक तेच सहा, त्यांचा क्रमही तोच. फक्त सुरुवात निराळ्या अंकापासून. जणू भोंडल्याचा फेरच! साताने गुणले की मात्र फेर मोडतो आणि ९९९९९९ मिळतात.

हा चमत्कार नव्हे. एकाला साताने भागा. दशांशचिन्हानंतर हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. साताने भागताना बाकी उरली, तर ती एक ते सहा यांपैकीच असणार. येथे सुरुवातीच्या १ नंतर ३, २, ६, ४, ५ अशा बाक्या उरतात व पुन्हा १ येतो. शक्य त्या साऱ्या बाक्या या एकाच फेरात आल्या. म्हणून दोनाला साताने भागताना नवे काही घडत नाही. बाकी २ होती त्या जागेवरून आपण त्याच फेरात शिरतो, इतकेच.

या संख्येचा दुसरा गुण पुण्याशी नाते सांगतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे देवळालीत शाळामास्तरकी करता करता ते संख्यांत रमले. ४५ चा वर्ग २०२५. आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

आपल्या संख्येचा वर्ग आहे २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक वेगळे काढा : २०४०८ अधिक १२२४४९ बरोबर १४२८५७!

कारण शोधू. १४२८५७ मधून एक वजा केला, तर उरलेल्या १४२८५६ ला साताने पूर्ण भाग जातो, भागाकार २०४०८. म्हणून आपला वर्ग म्हणजे ९९९९९९ गुणिले २०४०८, अधिक १४२८५७. आता ९९९९९९ म्हणजे दहा लाखांना एक कमी. त्यामुळे २०४०८ डावीकडे जाऊन बसतात आणि तितकेच उजवीकडच्या १४२८५७ मधून वजा होतात. दोन्ही तुकडे जोडले की वजाबाकी भरून निघते.

मास्तरांच्या या छंदाची ओळख १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या वाचकांना करून दिली. त्यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नव्हती; पाटी-पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न पुरला होता. तो प्रश्न कला शाखेलाही वर्ज्य नाही.

आता एकाला तेराने भागून पाहा. तेथे साऱ्या बाक्या एका फेरात मावत नाहीत. दोन फेर धरावे लागतात. दुसरा फेर कोणत्या अंकांचा, ते तुम्हीच शोधा.