केस तितके दाणे

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाच्या कडेनं स्वीट कॉर्नचे आठ-दहा दाणे टोबायचे, शेणखत घालायचं, पुरुषभर उंच वाढलेली ताटं बघून सुखावायचं आणि कणीस सोललं की हाती बोळकं! चार दाणे इथं, दोन तिथं, मधे नुसते खळगे. मग खताला बोल लावला जातो. पण अशा वेळी चूक बहुधा खताची नसते. त्या एकेरी ओळीची असते.

मक्याच्या एकाच ताटावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. शेंड्यावरचा तुरा नर, तर पानाच्या बेचक्यातलं कणीस मादी. कणसातून लोंबणारे मऊ केस म्हणजे त्या मादीफुलांचे लांबलचक स्त्रीकेसर. एका केसाच्या मुळाशी एकच दाणा. केसावर परागकण चिकटला की त्यातून निघालेली नलिका केसाच्या आतून उतरत साधारण 24 तासांत बीजांड गाठते. पराग न मिळालेल्या केसाच्या मुळाशी खळगाच राहतो. कणसाच्या बुडातले केस आधी बाहेर पडतात, टोकाचे सर्वांत शेवटी. तोवर तुरा रिता झाला असेल तर टोक भरत नाही.

ही सगळी भिस्त वाऱ्यावर. मधमाश्या पराग गोळा करायला तुऱ्यावर येतात, केसांकडे मात्र क्वचितच फिरकतात. एक तुरा लाखो परागकण सोडतो, पण हे कण चांगले जड असतात; बहुतेक काही मीटरांतच खाली बसतात. एकाच ओळीत आडवा वारा आला, की सगळा पराग अंगणात. म्हणून सोळा रोपं असतील तर चार-चारच्या चार ओळी कराव्यात. वारा कुठूनही येवो, पराग कुणाच्या तरी केसांवर पडतोच.

रोपं मोजकीच असतील तर हातानं परागीभवन करावं. सकाळी दव सुकल्यावर तुरा कागदी पिशवीत झटकायचा आणि ती पिवळी भुकटी लगेच केसांवर भुरभुरायची. उन्हात पराग काही तासांतच निकामी होतो. केस टप्प्याटप्प्यानं निघत असल्यानं हे तीन-चार दिवस करावं.

शेजार हवा, पण तो गोड मक्याचाच. हापूसच्या मोहरावर रायवळचा पराग पडला, तरी गर हापूसचाच राहतो. कारण गर आईच्या झाडाचा, बदलते ती कोय. मक्यात आपण खातो ते बीजच, आणि त्यात बापाचाही वाटा असतो. गोडवा देणारा जनुक अप्रभावी असल्यामुळे साध्या मक्याचा पराग लागलेला दाणा त्याच हंगामात पिठूळ निघतो. जवळपास साधा मका असेल, तर दोन्हींच्या पेरणीत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं.

केस निघाल्यापासून साधारण 18 ते 22 दिवसांनी ते तपकिरी होऊन सुकतात. दाण्यात नख रुतवल्यावर दूध उडालं, की कणीस तयार. तोडल्या क्षणापासून साखरेचं पिठात रूपांतर सुरू होतं. त्यामुळे आधी गॅसवर पाणी ठेवावं आणि मग परसात जावं.