भाजल्यावर कातडी पुन्हा कशी येते?

भाजले की टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावण्याची सवय वणीच्या वस्त्यांमध्ये आम्हाला आजही दिसते. ती का सोडायची, हे कळण्यासाठी कातडी कशी तयार होते ते पाहू.

आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. फरक एवढाच, की कुठे कोणते जनुक चालू आणि कोणते बंद. घरभर वायरिंग एकच, पण प्रत्येक दिव्याचे बटण वेगळे, तसे.

कातडीच्या बाहेरच्या थराच्या तळाशी मूळ पेशी असतात. डॉक्टर त्यांना स्टेम सेल म्हणतात. त्यांच्यात ‘पी ६३’ हे जनुक चालू असते, म्हणून त्या नव्या पेशी तयार करत राहतात. त्यातली एखादी पेशी तळ सोडून वर निघाली की पी ६३ मंदावते, दुसरी जनुके चालू होतात आणि पेशीत केराटिन हे चिवट प्रथिन भरते. साधारण महिनाभरात ती वर पोचते आणि मळाबरोबर निघून जाते. १९९९ साली शास्त्रज्ञांनी पी ६३ नसलेले उंदीर तयार केले. त्यांना कातडीच आली नाही. जन्मताच ते दगावले.

वरवर भाजले तर तळातल्या आणि केसांच्या मुळांतल्या मूळ पेशी वाचतात. दोन-तीन आठवड्यांत नवी कातडी येते. खोल भाजले तर त्या मरतात. मग जखम फक्त कडेने भरते, कातडी आकसते, त्वचारोपण करावे लागते.

आग विझली तरी उष्णता आत उतरत राहते. म्हणून मूळ पेशी वाचवायच्या तर:

• लगेच २० मिनिटे नळाचे साधे पाणी जखमेवर सोडा. बर्फ नको.
• बांगड्या, अंगठ्या काढा. फोड फोडू नका.
• स्वच्छ कापडाने सैल झाका. दुसरे काही लावू नका.
• लहान मूल, चेहरा, हात, सांधे, गुप्तांग, विजेचा झटका किंवा तळहाताहून मोठी जखम असेल तर १०८ ला फोन करा.

खूप भाजलेल्या रुग्णाला स्वतःची कातडी पुरत नाही. तेव्हा दान केलेली त्वचा तात्पुरते पांघरूण होते. अंगातले पाणी आणि जंतुसंसर्ग रोखते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. मुंबईत शीव रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. तिथे रक्तगट जुळवावा लागत नाही. जातही नाही. घरात हा विषय आजच काढू या.