धसका उतरायला वेळ द्या

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर भागात घरांचे ढिगारे झाले. जवळपास १०,००० माणसे गेली. त्यानंतर कितीतरी जण दगडी घरात झोपायला तयार नव्हते. लोक म्हणत, ‘धसका बसलाय.’

धसका हा मनाचा दुबळेपणा नाही. धोका दिसला की शरीरात अॅड्रेनालिन सुटते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, अंग ताठते, भूक मरते. पळायला किंवा लढायला ही तयारी लागते आणि धोका टळला की ती ओसरते. पण कर्ज, नापिकी, घरातली दारू, ऊसतोडीतली अपुरी झोप, जातीवरून होणारा अपमान असे धक्के रोजच बसले, तर मज्जासंस्था पहाऱ्यावरच राहते. मग बाई क्षुल्लक कारणावरून लेकरावर हात उगारते. कुणी अगदी बधिर होते. रडू येत नाही, हसूही येत नाही. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणून उपयोग नसतो. आधी शरीर शांत व्हावे लागते.

मजुरी बुडवून विश्रांती आपल्याला परवडत नाही. म्हणून जमेल तेवढेच सांगते:

• श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. ३ मोजत श्वास घ्या, ५ मोजत सोडा. सकाळ-संध्याकाळ ५ मिनिटे करा. घाबरल्यासारखे झाले तर थांबा.
• जेवताना फक्त जेवा, मोबाईल बाजूला ठेवा.
• झोपेची वेळ ठरवा. संध्याकाळनंतर चहा टाळा.
• विश्वासाच्या एका माणसाजवळ रोज थोडे बोला.

आनापानसती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मात्र आघात ताजा असताना डोळे मिटून फार वेळ बसल्यास काहींना तेच प्रसंग पुन्हा दिसू लागतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून बसावे किंवा सावकाश चालावे. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या परस्पर बंद करू नका.

दोन आठवडे झोप नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.