चढाईचा फोटो कुणाकडे आहे?

कबड्डी खेळणाऱ्या कुणाच्याही घरी जा, भिंतीवर एक फोटो हमखास दिसतो. मधोमध प्रमुख पाहुणे, करंडकाची एक कड त्यांच्या हातात, दुसरी कर्णधाराच्या हातात आणि दोन्ही बाजूंना ताठ उभा राहिलेला संघ. ज्या चढाईमुळे तो करंडक मिळाला, त्या चढाईचा फोटो मात्र घरात नसतो. बक्षीस समारंभ सावकाश चालतो, पाहुणे कॅमेऱ्याकडे पाहून थांबतात. चढाई तीस सेकंदांत आटोपते आणि कुणासाठी थांबत नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, पिके निघून हात जरा मोकळे झाले की रात्रीच्या सामन्यांना रंग चढतो. मी कॅमेरा घेऊन जातो तो प्रेक्षक म्हणून, दोरीच्या अलीकडे, लोकांत. ऐन पकडीच्या वेळी पुढचा माणूस उभा राहतोच. ‘भाऊ, बसा ना जी,’ म्हणेपर्यंत गुण लागलेला असतो. त्याचा तरी काय दोष? तो सामना पाहायला आलेला आहे!

म्हणून पहिला प्रश्न जागेचा. बहुतेकांना मध्यरेषेच्या टोकाला बसावेसे वाटते. तिथून रेषेकडे झेपावणारा हात छान दिसतो, पण चेहरा अर्धाच मिळतो. चढाईपटू पकडला गेला की तो आपल्या अंगणाकडे तोंड करून धडपडतो. त्याचा चेहरा हवा असेल तर त्याच्याच संघाच्या अंतिम रेषेमागे, जरा उंचावर बसावे. ओट्याची पायरी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली मिळाली तर उत्तम. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा आपणही उठून पलीकडे जावे.

दुसरा प्रश्न उजेडाचा. मैदानावर दिवे असतात आणि मागे शेतातला मिट्ट काळोख. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्या काळोखाला भुलतो, जास्त उजेड घेतो आणि खेळाडूंचे चेहरे पांढरेफटक होतात. अशा वेळी प्रकाश मुद्दाम कमी करावा लागतो. शिवाय आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे मर्क्युरीसारखे दिवे आणि स्वस्तातले एलईडी सेकंदात शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेल्या लागोपाठच्या चार फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळसर निघतो. अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यावर तोड आहे. नसेल तर एकाऐवजी पाच-सहा फोटो घ्यावेत. फ्लॅशचा मोह टाळावा. त्याचा उजेड पुढच्या दोन रांगांच्या डोक्यांवरच संपतो आणि मैदानापर्यंत पोचलाच तर खेळाडूचे डोळे दिपवतो.

ही अडचण आपल्याच नशिबी आहे असे मात्र नाही. बर्फावरच्या हॉकीचे फोटो प्रेक्षकांतून काढणाऱ्याचे हाल ऐका. आपल्या देशात हा खेळ लेह-लडाखकडे रुजला आहे, कॅनडा-अमेरिकेत त्याचे वेड आहे. आपल्याला काळोख फसवतो, तर त्यांना पांढरा बर्फ. प्रकाशमापक त्याला करडा करून टाकतो, म्हणून तिथे उजेड दुप्पट-अडीचपट वाढवावा लागतो. मोठ्या बंदिस्त मैदानांत खेळ आणि प्रेक्षक यांच्यामध्ये ओरखड्यांनी भरलेली पारदर्शक भिंत असते. आणि चेंडूऐवजी असते रबराची तीन इंची चकती. ती ताशी दीडशे किलोमीटर वेगाने सुटली, तर सेकंदाच्या पाचशेव्या भागातही आपल्या रुंदीपेक्षा जास्त सरकते!

तिथेही अखेर जागाच कामी येते. १० मे १९७० रोजी बॉस्टनमध्ये बॉबी ऑरने स्टॅनले करंडक जिंकून देणारा गोल केला आणि त्याच क्षणी तो हवेत आडवा उडाला. तो फोटो टिपला रे लुसिए या वृत्तपत्र छायाचित्रकाराने. दुसरा एक छायाचित्रकार काही प्यायला म्हणून उठून गेला होता, त्याच्या रिकाम्या जागेवर लुसिए येऊन बसला होता, असे सांगतात. पुढे त्या उडीचा पुतळाही उभा राहिला.

पण नुसती जागा मिळून भागत नाही, खेळ कळावा लागतो. डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. पकड दिसल्यावर बटण दाबले, तर फोटोत पकड सुटलेली असते. कोपरारक्षक घोटा धरण्याआधी किंचित खाली बसतो, त्याची नजर चढाईपटूच्या पुढच्या पायावर खिळते. बटण तेव्हाच दाबायचे. मोबाइलवाल्यांनी आणखी एक करावे: रात्रीच्या फोटोची खास सोय बंद ठेवावी. ती अनेक फोटो जोडून एक बनवते, त्यात धावणाऱ्या खेळाडूला चार हात फुटतात.

एवढा खटाटोप कशासाठी? अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि घरोघरी प्रत्येक पकड पाच कोनांतून दिसू लागली. या दोन टोकांच्या मध्ये गावोगावची हजारो मुले-मुली खेळली आणि त्यांच्या खेळाचे एकही चित्र उरले नाही. मुलींचे तर अधिकच. दहावी-बारावीपर्यंत खेळायचे, मग लग्न, नाहीतर शेत किंवा नोकरी. पुढे आपल्या मुलांना ‘मी खेळत होते’ एवढेच सांगता येते. दाखवायला काही नसते.

तेव्हा तुमच्या गावात सामने भरले, तर बक्षीस समारंभाची वाट पाहू नका, चढाईचा फोटो काढा. मुलींचा असेल तर तो इकडेतिकडे पाठवण्याआधी तिला आणि तिच्या आई-वडिलांना विचारा. आणि तालुक्याच्या गावी गेलात की त्याची कागदावर प्रत काढून तिच्या हातात द्या. मोबाइल बिघडला की त्यातले फोटोही बहुधा त्याच्याबरोबरच जातात. भिंतीवर पाहुण्यांच्या फोटोशेजारी एक खिळा ठोकायला जागा असतेच.