फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुड्यांची संदर्भचित्रे

'फॉक्सट्रॉट' हे सोव्हिएत संघाच्या 'प्रकल्प ६४१' या डिझेल-विद्युत पाणबुड्यांना नाटोने दिलेले सांकेतिक नाव आहे. या पाणबुडीची लघुप्रतिकृती तयार करताना आकार, रंग व बारकावे पडताळून पाहण्यासाठी जी छायाचित्रे आणि आराखडे वापरले जातात, त्यांना संदर्भचित्रे म्हणतात.

मुख्य अडचण

समुद्रावर टिपलेल्या छायाचित्रांत सहसा पाणबुडीचा जलरेषेवरील भागच दिसतो. तीन प्रॉपेलर, सुकाणू आणि तळाचा आकार पाण्याखाली राहतो. उदाहरणार्थ, १९६२ च्या क्युबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगात अमेरिकी नौदलाने 'बी-५९' या पाणबुडीची छायाचित्रे घेतली. मनोरा व डेक यांच्या अभ्यासास ती उपयुक्त आहेत. मात्र तळाविषयी त्यांतून काहीच कळत नाही.

संग्रहालयांतील पाणबुड्या

ही उणीव जमिनीवर ठेवलेल्या पाणबुडीमुळे भरून निघते. भारतीय नौदलाची 'कुरसुरा' ही याच वर्गाची निर्यात आवृत्ती होती. १९६९ मध्ये सेवेत दाखल झालेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली व २००२ पासून विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून खुली आहे. तिचा तळही बाहेरून पाहता येतो. कालिनिनग्राद येथील 'बी-४१३' मात्र पाण्यावर तरंगत असल्याने तिचा जलरेषेखालील भाग दिसत नाही.

अशा पाणबुड्या कायम टिकतीलच असे नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे अनेक वर्षे प्रदर्शित असलेली 'बी-३९' २०२२ मध्ये मोडीत काढण्यासाठी हलवण्यात आली. तिच्याबाबतीत पूर्वी काढलेली छायाचित्रे हाच आता मुख्य आधार उरला आहे.

पडताळणी

एकाच चित्रावर विसंबणे धोक्याचे ठरते. त्यामुळे पुढील बाबी तपासल्या जातात :

- वर्ग : 'प्रकल्प ६४१ बी' म्हणजे टँगो वर्ग; नाव जवळचे असले तरी ही पाणबुडी वेगळी आहे. हॅम्बुर्ग येथील 'यू-४३४' टँगो वर्गातील आहे.
- क्रमांक : सोव्हिएत पाणबुड्यांच्या मनोऱ्यावरील क्रमांक वेळोवेळी बदलले जात. केवळ त्यावरून विशिष्ट पाणबुडीची ओळख पटत नाही.
- काळ : संग्रहालयातील रंग सेवाकाळातील असेलच असे नाही. प्रेक्षकांसाठी केलेली दारे व जिनेही मूळ रचनेचा भाग नसतात.
- प्रमाण : पाणबुडीची लांबी सुमारे ९१.३ मीटर असल्याने १:३५० प्रमाणातील प्रतिकृती सुमारे २६ सेंटीमीटर, तर १:१४४ प्रमाणातील सुमारे ६३ सेंटीमीटर लांब भरते. जवळून घेतलेल्या छायाचित्रात पुढचा भाग प्रत्यक्षाहून मोठा भासतो. म्हणून मापे आराखड्यावरून घेऊन छायाचित्रांचा उपयोग बारकाव्यांसाठी करणे श्रेयस्कर ठरते.

अंतिमतः कोणती पाणबुडी व कोणते वर्ष दाखवायचे हे आधी निश्चित केल्यास त्या काळाशी न जुळणारी चित्रे बाजूला ठेवता येतात.